बाळाची झाली बाला

शनिवारी संध्याकाळी पावणेसातला मी ६४० माणसं एका फटक्यात वलवणला राहायला पाठवली. तुंगार्लीची, भांगरवाडीची, गवळीवाड्यातली, खंडाळ्याची. कामशेतहून लोकलने पुस्तक बदलायला येणारे एक मास्तर आहेत, त्यांनाही सोडलं नाही. ना टेम्पो लागला, ना हमाल, ना कुणाच्या कपाटाचा आरसा फुटला. सगळ्या कामाला लागले सेकंदाचे तीन शतांश. हा आकडा माझा नाही, यंत्रानेच खाली लिहून दिला.

हेतू फार साधा होता. आमच्या वाचनालयाचे एक सभासद, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब, तुंगार्लीची जागा सोडून वलवणला मुलाकडे राहायला गेले. त्यांचा पत्ता बदलायचा होता. एक माणूस, एक पत्ता.

वाचनालयाचं नाव सांगत नाही. समितीवरचे लोक वाचतात. सभासदांची नोंद आजवर एका लांबट, लाल कापडी पाठीच्या रजिस्टरात असे. लोणावळ्याच्या पावसात चपलेला बुरशी येते, पापडाला येते, भिंतीवरच्या पूर्वजांच्या फोटोला येते. रजिस्टराने काय पुण्य केलं होतं? पानं एकमेकांना चिकटली. ती सोडवताना एकाचं आडनाव निघून दुसऱ्याच्या अनामत रकमेला लागलं. त्यावर समितीत ‘हे सगळं आता संगणकावर घ्यावं’ असा ठराव झाला आणि ‘तुम्ही मोकळेच आहात’ या एकमेव पात्रतेवर माझी नेमणूक झाली.

भाची हिंजवडीत कामाला आहे. ती म्हणाली, “मामा, एक्सेल नको. करायचंच तर रिलेशनल डेटाबेस करू.”

रिलेशनल म्हटल्यावर मला हायसं वाटलं. नात्यागोत्याचं काम मावळातल्या माणसाला शिकवायला नको. आमच्याकडे अनोळखी पोरगं दिसलं की पारावरची म्हातारी त्याला नाव विचारतच नाही. “कुणाचा रं तू?” इथून सुरुवात. मग बाप कोण, वाडी कंची, आई कुठली, मामाचं गाव पवन मावळात की नाणे मावळात की आंदर मावळात. चार प्रश्नांत ती त्या पोराला त्याच्या नेमक्या जागी नेऊन बसवते. त्यानंतर पोरगं आपलं नाव सांगतं ते निव्वळ सौजन्य म्हणून.

“तसं नाही मामा,” भाची म्हणाली. “रिलेशन हा गणितातला शब्द आहे. रिलेशन म्हणजे साधा तक्ता.” एडगर कॉड नावाचे गणिताचे गृहस्थ आयबीएममध्ये होते. त्यांनी १९७० साली एक निबंध लिहिला आणि त्यातून हे सारं निघालं. माहिती तक्त्यांत ठेवा, एक गोष्ट शक्यतो एकाच जागी लिहा, आणि एका तक्त्याने दुसऱ्याला हाक मारायची ती ठरलेल्या खुणेने. ती खूण म्हणजे की. ज्या तक्त्यात माणूस राहतो तिथे ती प्रायमरी, आणि दुसऱ्याच्या घरी गेली की फॉरेन. लग्न झालेल्या मुलीसारखंच, असं मी म्हणालो. भाचीने उत्तर दिलं नाही.

मला आधी वाटलं होतं, खुणेला नाव पुरे. मोजल्यावर आमच्याकडे शंकर अकरा निघाले, आणि त्यातल्या तिघांचे वडील तुकाराम. गावांचंही तेच. नुसतं टाकवे म्हणून भागत नाही. टाकवे बुद्रुक आंदर मावळात, टाकवे खुर्द कामशेतच्या अलीकडे. कुसगाव बुद्रुक लोणावळ्याला खेटून, कुसगाव खुर्द वेगळं, आणि पवन मावळातलं कुसगाव तिसरंच. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं, दोन्ही शब्द फारसीतून आलेले. ज्या कुणा कारकुनाने हे शेपूट पहिल्यांदा लावलं असेल त्याला प्रायमरी की म्हणजे काय ते नीट कळलं होतं. बाजारपेठेतून चिक्कीच्या दुकानांच्या पाट्यांवरची सारखीच नावं वाचत गेलं की हा कारकून पुन्हा नोकरीवर घ्यावासा वाटतो.

तर शनिवार. काळ्या पडद्यावर मी भाचीने शिकवल्याप्रमाणे लिहिलं: अपडेट सभासद, सेट गाव बरोबर वलवण. अर्धविराम. एंटर.

उत्तर आलं, ‘क्वेरी ओके’. ते ओके पाहून मला जो आनंद झाला तो पुढचं न वाचल्यामुळे झाला. पुढे होतं, ६०९ ओळींवर परिणाम. खाली आणखी बारीक हिशेब: जुळल्या ६४०, बदलल्या ६०९. हलवले सगळे, मग ३१ कुठे राहिले? दोन मिनिटं विचार केल्यावर उजेड पडला. ते ३१ आधीपासून वलवणलाच राहत होते. यंत्राने त्यांना विनाकारण त्रास दिला नव्हता. इतका प्रामाणिक हिशेब आमच्या समितीच्या ताळेबंदातही मी पाहिलेला नाही.

भाचीला फोन लावला.

“मामा, व्हेअर लावला होता का?”

“कुठे?”

“तेच विचारतेय.”

अपडेटच्या शेवटी व्हेअर लिहायचा असतो. म्हणजे कुठे, कोणत्या नोंदीत. तो लिहिला नाही तर यंत्र समजतं, सगळीकडे. वास्तविक मावळात ‘कुठं?’ विचारल्याशिवाय पान हलत नाही. फटफटीला किक मारेपर्यंत तीन जण विचारतात, कुठं निघाला? एसटीत चढताना कंडक्टरच्या आधी शेजारची बाई विचारते. मयताला निघालेल्या माणसालाही विचारतात. उभ्या आयुष्यात ‘कुठं?’ न विचारता माझं ऐकणारं हे पहिलंच कुणी भेटलं, आणि त्याने ६०९ घरं उठवली.

“बरं, ट्रान्झॅक्शन सुरू केलं होतं?”

“ट्रान्झॅक्शन कसलं? पैशाला मी हातच लावला नाही. फक्त पत्ता.”

भाची गप्प झाली. डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून गप्प होतात तशी. मग तिने सावकाश समजावलं. आधी ट्रान्झॅक्शन सुरू करायचं, मग बदल, मग डोळ्यांनी पाहायचं. चुकलं असेल तर रोलबॅक, म्हणजे काही घडलंच नाही. बरोबर असेल तर कमिट, म्हणजे शिक्कामोर्तब. पण मायएसक्यूएलला, म्हणजे आमचा डेटाबेस ज्याच्यावर चालतो त्याला, तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर तो प्रत्येक वाक्यावर आपणहून शिक्का मारत जातो. आपल्या जुन्या मराठी पत्रांच्या शेवटी ‘मोर्तब सूद’ असतं किंवा ‘लेखनसीमा’ असा छोटा शिक्का असतो. मजकूर इथे संपला, याखाली कुणी काही घुसडू नये, हा त्याचा अर्थ. म्हणजे कारकून आधी लिहायचा आणि शिक्का मागून यायचा. माझ्या संगणकातला कारकून शिक्का उगारूनच बसलेला होता.

माझ्यासारखी माणसं मायएसक्यूएल करणाऱ्यांना आधीच भेटली असावीत. कारण तो सुरू करताना ‘सेफ अपडेट्स’ नावाचा एक पर्याय देता येतो. मग कुठल्या नोंदीत ते न सांगता केलेला बदल तो घेतच नाही. याच पर्यायाचं दुसरं नाव, चेष्टेतलं नव्हे, छापील माहितीपुस्तकातलं, ‘आय ॲम अ डमी’ असं आहे. दोन्हींतलं कुठलंही लिहा, काम तेच होतं. भाचीने मला पहिलं शिकवलं असतं तर चाललं असतं. आता रोज संध्याकाळी मी वाचनालयाचं कुलूप काढतो, उदबत्ती लावतो, आणि मी ठोंब्या आहे असं यंत्राला लेखी कळवून कामाला बसतो.

“बॅकअप तरी आहे ना?” भाचीचा शेवटचा प्रश्न.

“आहे. लाल पाठीचा.”

रविवारपासून रजिस्टर उन्हात, म्हणजे जे काय ऊन होतं त्यात, वाळत घातलं आणि पत्ते परत भरायला घेतले. जिथे कसर लागून गावाचं नाव खाल्लेलं होतं तिथे काय भरायचं? शून्य नको, रिकामं अवतरणही नको, भाची म्हणाली. तिथे नल ठेवा. नल म्हणजे माहीत नाही. दोन दिवसांनी मला असे किती राहिले ते पाहायचं होतं. ‘व्हेअर गाव बरोबर नल’ असं विचारलं. उत्तर शून्य. माझ्या डोळ्यांसमोर सतरा नल दिसताहेत आणि यंत्र म्हणतं एकही नाही!

त्याचं कारण असं, की कुठलाही नल कशाशीच बरोबर ठरत नाही, दुसऱ्या नलाशीसुद्धा. एक ‘माहीत नाही’ आणि दुसरं ‘माहीत नाही’ ही एकच गोष्ट आहे असं तुम्ही कशावरून म्हणता? त्यामुळे ‘बरोबर’ न लिहिता ‘इज नल’ असं विचारावं लागतं. हे मला दोन दिवस पटलं नाही. मग दमयंतीचं स्वयंवर आठवलं. तिच्यापुढेही हुबेहूब पाच नल उभे होते, आणि एक नल दुसऱ्या नलाबरोबर नव्हता. चार देव होते. ज्याच्या पापण्या लवतात, ज्याला घाम येतो, ज्याची सावली पडते आणि ज्याचे पाय जमिनीला टेकलेत तो खरा, असा निकष लावून तिने माळ घातली. दुबार नोंदी शोधण्याचं इतकं उत्तम उदाहरण भाचीच्या कोर्समध्ये नव्हतं. तीन तुकारामसुत शंकरांपैकी कोण कोण ते ठरवताना मीही घामाचाच निकष लावला. थकबाकीचा विषय काढला की खरा सभासद ओळखू येतो.

पुढचा घोळ ‘ळ’चा. गावाच्या रकान्यात लोणावळा, लोणावला, लोणावळे अशी तीन गावं निघाली. इंग्रजीतली स्पेलिंगं मी मोजलीच नाहीत. काही याद्या पूर्वी कुणीतरी जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या होत्या, त्या युनिकोडमध्ये आणल्यावर संस्कृत आणि चिनी यांचा आंतरजातीय विवाह लागावा तसा मजकूर आला. त्यातून सावरलो तर ‘कऱ्हाडकर’ सापडेनात. पडद्यावर समोर दिसताहेत, शोधलं की शून्य. ‘ऱ्ह’मधला तो आडवा ‘र’ दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी टाइप करता येतो; डोळ्यांना एकच दिसतो, यंत्राला दोन. कऱ्हाडकरांचं आम्हाला काहीच येणं नव्हतं, तरी मी सापडवूनच सोडले.

हा ‘ळ’ आमच्या घरात आधीच येऊन गेला होता. पवन मावळात आमची थोडी भाताची जमीन आहे, थोरल्या काकांच्या नावावर. आजोबांचं नाव बाळा. ऑनलाइन सातबारा काढला तर काकांच्या मधल्या नावात ‘बाला’. म्हणजे सोळा वर्षांची कन्यका. आजोबांचा एकच फोटो घरात आहे, त्यात चेहऱ्यापेक्षा मिशी मोठी. काका अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. ते म्हणाले, “आजवर बापाचं पोर होतो, आता बालेचं झालो. जा, भाऊसाहेबांना गाठ.”

भाऊसाहेब म्हणजे तलाठी. अलीकडे शासनाने त्यांचं पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं केलं. एका निर्णयाने राज्यभरचे तलाठी बदलले. हा खरा व्हेअर नसलेला अपडेट. बोलण्यात मात्र बदललेल्या ओळी शून्य. लोक भाऊसाहेबच म्हणतात.

“भाऊसाहेब, एक ळ करायचाय.”

“आधार काय?”

त्यांनी जे सांगितलं ते असं. लेखनप्रमाद दुरुस्त करायचा तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५५. अर्ज द्यायचा. जुने अभिलेख बघितले जाणार, तहसीलदारांचा आदेश होणार, त्यावरून गाव नमुना सहाला, म्हणजे फेरफार नोंदवहीला, नवी नोंद धरली जाणार, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करणार. मग सातबाऱ्यावर ळ.

“एका अक्षराला तीन माणसं?”

“चार. अर्ज तुम्ही करणार ना?”

मी त्यांना शनिवारची गोष्ट सांगितली. भाऊसाहेब हसले, चहा मागवला, आणि मग कपाटातून एक हस्तलिखित सातबारा काढून समोर ठेवला. त्या कागदावर मी तासभर बसलो. कितीतरी नावं, आणि बहुतेक कंसात. मेलेल्याचं नाव कंसात, जमीन विकलेल्याचं कंसात, फिटलेल्या कर्जाची सोसायटी कंसात. शेजारी गोलात फेरफाराचा नंबर. खोडलेलं काहीच नाही. कंस म्हणजे हा आता नाही, पण होता. आणि का नाही ते त्या नंबराला जाऊन विचारा. भाचीच्या कंपनीत यालाच सॉफ्ट डिलीट म्हणतात आणि त्यावर दोन दिवसांचं प्रशिक्षण असतं.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा झाला १९०३ साली. कॉडसाहेबांचा निबंध त्यानंतर ६७ वर्षांनी. गाव नमुने एक ते एकवीस, म्हणजे एकवीस तक्ते. सातला मालकी, बाराला पीक, आठ-अला खातं, सहाला फेरफार. सात आणि बारा जोडून एका कागदावर वाचायचे, त्याला कॉडसाहेब जॉइन म्हणाले असते. आम्ही सातबारा म्हणतो आणि तो जोडकागद आहे हे विसरूनही जातो. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासून वर लिहायचे, तिथूनच आपला ‘हरताळ फासणे’ आला. जमिनीच्या कागदावर मात्र हरताळाला बंदी. पोथीतलं अक्षर बदललं तर पाठभेद होतो, सातबाऱ्यावरचं बदललं तर कोर्टात तीन पिढ्या जातात.

सातबारे संगणकात गेल्यावर राज्यभर चावडीवाचन झालं होतं, त्याचीही गंमत भाऊसाहेबांनी सांगितली. चावडीवर बसून एकेक सातबारा मोठ्याने वाचायचा आणि गावाने चूक सांगायची. तपासणीची याहून कडक पद्धत जगात नसेल. एक नाव वाचलं की चार आवाज उठतात: “त्यो वारला!” “वारला न्हाई, पनवेलला हाय!” “बांध माझा हाय त्यो, पुढं वाचू नका!” पण ल आणि ळ ज्याला त्याला आपापल्या सोयीने ऐकू येतात, त्यामुळे आमचे आजोबा त्यातून निसटले असावेत.

जुन्या नोंदवहीत शेवटी मूळ सापडलं. कुणा कारकुनाने कोणे एके काळी ‘ळ’ काढायला घेतला, पहिलं वेटोळं पूर्ण केलं, आणि दुसऱ्या वेटोळ्याला टाक कोरडा पडला. पुढच्या माणसाने जे दिसलं ते टाइप केलं. यात दोष शाईचा, आणि शाई मयत.

इकडे वाचनालयात मी एव्हाना काढून टाकण्याच्या कामाला लागलो होतो. अपडेटचा धाकटा भाऊ डिलीट. याच्यातही व्हेअर विसरलं की सबंध तक्ता रिकामा; निवडणुकीच्या भाषणात ज्याला सातबारा कोरा म्हणतात तो हाच, फक्त इथे खरंच होतो. मी या वेळी व्हेअर लावला. एक वृद्ध सभासद चैत्रात गेले, त्यांची नोंद काढायची होती. यंत्राने साफ नकार दिला: फॉरेन कीचं बंधन आहे, या मूळ नोंदीवर दुसरीकडच्या ओळी अवलंबून आहेत. पाहिलं तर त्यांच्या नावावर दोन पुस्तकं अजून बाहेर. ऋणानुबंध म्हणतात तो हा. माणूस वैकुंठाला गेला, पण कादंबरी परत आल्याशिवाय त्याला आमच्या तक्त्यातून मुक्ती नाही.

यावर कॅस्केड नावाचा उपाय असतो, असं भाची सांगत होती. मूळ नोंद काढली की तिच्यावर टांगलेल्या सगळ्या नोंदी आपोआप निघतात. आपण मेलो, जग बुडालं. कॅस्केड या शब्दाचा अर्थ विचारला तर म्हणाली, धबधबा. मी म्हटलं, राहू दे. दर पावसाळ्यात भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी कसं येतं आणि माणसं कशी त्यात बसलेली असतात ते मी पाहतो. सभासदाच्या मुलाच्या घरी गेलो, पुस्तकं मागितली. एक मिळालं. दुसऱ्याबद्दल तो म्हणाला, बाबांच्या उशाशी होतं, नंतर कुठे गेलं कुणास ठाऊक. नल. शेवटी सभासदाच्या तक्त्यात मी एक जादा रकाना काढला आणि त्याला नाव दिलं, कंस. त्या वृद्ध सभासदापुढे तिथे एक मांडला.

दसऱ्याच्या सुमाराला सातबाऱ्यावर ळ आला. मी छापील प्रत घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ती उजेडात धरली, अक्षरावर बोट फिरवलं, आणि आजोबांच्या फोटोखाली उदबत्ती लावायला सांगितलं. मग म्हणाले, “क्षेत्र बरोबर हाय ना? का त्यातबी बाला केलीय?”

त्याच आठवड्यात माझे पत्ते पुरे झाले. वास्तविक दुरुस्त करायचे होते ६०८, कारण त्या शनिवारी एक तरी पत्ता बरोबर पडला होता, गार्डसाहेबांचा. पण हात एकदा चालायला लागला की चालतो. रजिस्टर उघडं, पान समोर, मी आपला ओळीमागून ओळ भरत गेलो आणि ६०९ केले. रजिस्टरात गार्डसाहेब तुंगार्लीलाच होते.

सोमवारी संध्याकाळी ते स्वतः आले. काखेत छत्री, हातात वाचनालयाचं पत्र, वरचा पत्ता तुंगार्लीचा. जुन्या घरमालकाने पोचवलेलं.

“अहो, मी तीन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. एवढा पत्ता बदलायचा होता. आता करून टाका बघू, दोन मिनिटांचं काम.”

मी त्यांना खुर्ची दिली. कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं.

“अर्ज लिहा,” म्हटलं. “आणि आधाराला लाइट बिल जोडा. पंधरा दिवस लागतील.”